गाडी गोड्या पाण्याने धुवायची

दसऱ्याला गाडी आली, तेव्हा तिला हार घालायच्या आधी आमचे हे तिच्याखाली जाऊन झोपले. अंगात नवाकोरा शर्ट, मीच सकाळी इस्त्री केलेला, आणि हे मातीला पाठ लावून गाडीच्या पोटाखाली सरपटतायत. मी बाजूला नारळ, लिंबं, हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी. म्हटलं, अहो, आधी पूजा तरी होऊ द्या. तर खालून आवाज आला, "वरून सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात गो. गंज खालून खातो."

हे वाक्य आता आठवलं की मी हातातला घास ताटात ठेवते.

गाडी म्हणजे तीन टनी ट्रक, मागे मासे ठेवायची थंड पेटी. इथं खोर फक्कानला मासे उचलायचे आणि डोंगरातल्या बोगद्यांतून शारजा, तिथून दुबई मरीनाच्या हॉटेलांपर्यंत पोचवायचे, हे काम ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर केलं. त्या गाड्या ह्यांच्या डोळ्यांदेखत सडल्या. मालकाला सांगायला जावं तर मालक म्हणायचा, खलास झाली की दुसरी घेऊ. ह्यांना ते सोसायचं नाही. घरी येऊन माझ्यावर डाफरायचे, जणू ती गाडी मीच समुद्रात बुडवून आणली होती. आता पहिली स्वतःची आली होती. लेकीचं शिक्षण संपलं होतं, ती शारजात अल मजाजला मैत्रिणींबरोबर राहून नोकरी करत होती. आम्हा दोघांना गावी परत जायच्या आधी इथं एक तरी गोष्ट आपल्या नावाची करून दाखवायची होती. ही गाडी धड राहिली तर इथलं आमचं सगळं आयुष्य धड गेलं, असं ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. खोटं कशाला बोलू, माझ्याही.

गावाकडच्या लोकांना वाटतं, तिकडे सगळं वाळवंट, तिथं कसला आलाय गंज. या म्हणावं इकडे थंडीत. उन्हाळ्यात घामाने जीव जातो, पण ऊन असं की अंगणात ओलं म्हणून काही राहत नाही. थंडीत मात्र समुद्रावरून वारं सुटतं, दव पडतं, आणि ते दवसुद्धा खारट. सकाळी गाडीच्या काचेवरून बोट फिरवायचं आणि जिभेला लावून बघायचं. वर पुन्हा मासळीचा खरा हंगाम थंडीतच. होड्या वाळूला लागल्या की गाडी पार ओल्या वाळूत मागे न्यायची, खोके चढवायचे, आणि बर्फाचं ते खारट पाणी वाटभर गाडीच्या हाडांत ठिबकत राहायचं. नवी गाडी तिथं एक थंडी नीट काढेल तर पुढे टिकेल, असं हे म्हणायचे.

म्हणून ह्यांचे नियम होते. फेरी संपली की त्याच दिवशी गाडी धुवायची, उद्यावर टाकायची नाही. आधी खालून धुवायची, मग वरून. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती काडेपेटीच्या काडीने साफ ठेवायची, नाहीतर पाणी आतच बसतं. खडा लागून रंगाचा टवका उडाला तर लगेच रंगाचं बोट लावायचं. पेटीचं दार ओलं असताना बंद करायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, तो तर मला झोपेतून उठवून विचारला असता तरी मी सांगितला असता: गाडी गोड्या पाण्याने धुवायची.

गोडं पाणी म्हणजे साखरेचं नव्हे, एवढं तरी लग्नाच्या वेळी मला कळत होतं. पण मी घाटावरची. आमच्याकडे पाणी असायचं किंवा नसायचं, त्याला चव असते हे मला सासरी आल्यावर कळलं. ह्यांचं गाव खाडीच्या काठावर. वैशाखात विहिरीचं पाणी तळाला गेलं की खाडीचं खारं पाणी हळूच आत यायचं. धड खारं नाही, धड गोडं नाही, त्याला तिकडे मचूळ म्हणतात. तो शब्द मी पहिल्यांदा ह्यांच्या तोंडून ऐकला. नवी नवरी मी, कळशी भरून आणली, ह्यांनी ओंजळभर तोंडात घेतलं, चूळ टाकली आणि म्हणाले, "कालपासून मचूळ झालं." घरात दुसऱ्या कुणालाच अजून काही कळत नव्हतं. दोन दिवसांनी सगळ्यांनाच कळलं. सासरे वारल्यावर वाडीतले लोक पाणी चाखायला ह्यांनाच बोलवायचे. इथं आल्यावर लेबर कॅम्पात टँकर आला की पोरगे ह्यांना हाक मारायचे, काका, बघा जरा. इथल्या टँकरवर इंग्रजीत स्वीट वॉटर लिहिलेलं असतं. लेक लहान असताना विचारायची, "आई, इज इट लाइक शरबत?"

तर अशी ह्यांची जीभ. आणि त्या जिभेवर माझा धंदा चालायचा. बंदरावर, साइटवर काम करणारे आपल्याकडचे पोरगे, एकेकटे राहणारे, त्यांना मी डबे देते. रोज मासे. आता माझ्या माहेरी मासळीचा वासही चालायचा नाही. सासरी येऊन मी सुरमईचं कालवण करायला शिकले, पण खायला शिकले नाही. म्हणजे मी करायचं आणि ह्यांनी चाखायचं. डबे भरायच्या आधी हे चुलीपाशी येऊन उभे राहायचे, मी डावातलं ह्यांच्या तळहातावर घालायची, हे चाटायचे आणि निकाल द्यायचे. निकाल काय, शिव्याच. समुद्र दारात आहे, मीठ काय मोजून मिळतं काय आपल्याला? नाहीतर, आज पोरग्यांना तहानेनं मारायचं ठरवलंयस काय? मी तोंडाने बडबडत मीठ घालायची किंवा पाणी वाढवायची. ह्यांच्या नाकावर राग असायचा, पण कालवण कधी चुकलं नाही.

गाडी आली त्या सुमारास हे एकदम गरीब गाय झाले होते. तळहात चाटायचे आणि म्हणायचे, बरोबर आहे. रोज बरोबर. आमटी बरोबर, भाजी बरोबर, गणपतीत केलेले मोदकही बरोबर. मी बहिणीला फोनवर म्हटलंसुद्धा, बाई गं, नवरा सुधारला माझा, उशिरा का होईना. ती हसली. म्हणाली, दृष्ट काढ. एकदा पोरग्यांनी डबे परत पाठवताना निरोप दिला, मावशी, कालवण तोंडात धरवत नाही एवढं खारट झालंय. मी उलट त्यांनाच झापलं. म्हटलं, ह्यांनी चाखलंय, जिभेला काही झालं असेल तर ते तुमच्या झालं असेल.

गाडी ठेवायला जागा मिळाली ती गावाबाहेर, खजुराच्या बागेत. अशा बागेला इथं मजरा म्हणतात. मालक म्हातारा अरबी, ह्यांचा जुना ओळखीचा. रस्त्यावर गाडी धुतली तर दंड होतो, आणि धुलाईच्या दुकानात वरूनच पुसून देतात म्हणून ह्यांना ती पसंत नव्हती. मजऱ्यात विहीर होती, पंप होता, लांबलचक नळी होती. पूजा झाल्यावर म्हाताऱ्याने स्वतः पंप चालू करून दिला आणि हसत हसत सांगितलं की हे पाणी झाडांचं आहे, आम्ही पीत नाही. ह्यांनी नळीखाली ओंजळ धरली. पहिली चूळ टाकली, दुसरी ओंजळ प्यायले, डोळे मिटले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गोडं आहे. दसऱ्याला कुठली विहीर मचूळ असते?"

आणि मला ते पटलं. का पटू नये? गावी दसऱ्याला विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात, पाणी शहाळ्यासारखं गोड. इथं दसरा येतो तो अख्खा उन्हाळा कोरडा गेल्यावर, तेव्हा विहीर कधी नव्हे इतकी तळाला असते, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही कॅलेंडर गावचं घेऊन आलो होतो.

ती थंडी ह्यांनी त्या गाडीची बाळंतिणीसारखी सेवा केली. फेरी मारून आले की चहासुद्धा न घेता मजऱ्यात. खाली प्लॅस्टिक अंथरून झोपायचे, नळी आत घालून एकेक सांधा धुवायचे. घरी यायचे ते कोपरापर्यंत भिजलेले, हात थंडीने लाल झालेले, तोंडावर समाधान. गाडी वाळली की काचेवर पांढरे ठिपके उठायचे. मी विचारलं तर म्हणाले, चुना असतो पाण्यात. म्हटलं, असेल.

गंज पहिल्यांदा लेकीने बघितला. सुट्टीला आली होती, बापाची गाडी बघायला मजऱ्यात गेली, चाकाच्या वरच्या कमानीत हात घातला आणि बोटं पुढे करून म्हणाली, "बाबा, दॅट्स रस्ट." हे म्हणाले, चिखल असेल. तिने बोटं कागदाला पुसली, कागद तांबूस झाला. हे तिच्यावर असे ओरडले की ती बिचारी तिथून निघूनच गेली. मग हे टॉर्च घेऊन गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. खाली बोल्टांच्या डोक्यांवर, सांध्यांत, दाराच्या कडांना, जिथं जिथं ह्यांनी सगळ्यात मन लावून पाणी मारलं होतं, तिथं तिथं तांब होती.

त्यानंतर आमच्या घरात दुसरा विषय नाही. कंपनीने रंगच पातळ मारलाय. पत्राच हलका. समुद्राचं वारं यंदा जास्त आहे. गंज खरवडायचे, रंगाचं बोट लावायचे आणि पुन्हा धुवायचे. पूर्वी एकदा धुवायचे ते आता दोनदा धुवायला लागले. जेवढं धुवावं तेवढा गंज पसरायचा. मला ह्यांची कीव यायची आणि रागही यायचा. इतका जीव लावला तर माणूससुद्धा बरं वागतं, आणि ही बया पत्र्याची असून उलटली, असं मला वाटायचं. रात्रभर कूस बदलत असायचे. डोकं दुखतंय म्हणायचे. मी म्हणायची, दुखणारच, गाडी डोक्यात घेऊन झोपल्यावर.

महाशिवरात्रीला माझा अळणी उपास असतो. मीठ म्हणून तोंडात घालायचं नाही, सैंधवसुद्धा नाही. त्या दिवशी डबे बंद, म्हणून मी म्हटलं, चला, मी येते मदतीला. हे खालून धुवत होते, मी वरून पेटी धुवत होते. नळी एकदम उसळली आणि पाणी सपकन माझ्या तोंडावर आलं, थोडं घशातही गेलं. सकाळपासून तोंडात काही खारट नव्हतं ना, त्यामुळे असं लागलं की अंगावर काटा आला. माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, शिव शिव, माझा उपास मोडला. मग मी पुन्हा ओंजळ भरली आणि चाखली.

"अहो," मी म्हटलं, "हे तर मचूळ आहे."

हे गाडीखालून म्हणाले, काहीतरीच. मी म्हटलं, काहीतरीच काय, चांगलं खारट आहे, मीठ घातल्यासारखं, या आणि चाखा. हे बाहेर आले. ओंजळ भरली, तोंडात घेतलं. आणि पाण्याकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला अजूनही काही कळलं नव्हतं. मी वाट बघत होते की आता हे म्हाताऱ्याला शिव्या घालतील. हे मागच्या पायरीवर हळूच बसले.

"तुला कळतंय?" ह्यांनी विचारलं.

मी म्हटलं, न कळायला काय झालंय, कुणालाही कळेल. तर म्हणाले, "मला गणपतीपासून कशाचीच चव लागत नाही."

माणूस अशा वेळी काय बोलतो बघा. मी विचारलं, "आणि मोदक?"

"तू केले होतेस," हे म्हणाले, "म्हणजे चांगलेच झाले असणार."

नळी जमिनीवर तशीच वाहत होती. मी खाली मातीतच बसले. गणपतीपासून. म्हणजे रोज सकाळी तळहात चाटत होते ते कशाला? ह्यांनी सगळं सांगितलं तिथं बसून. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. गेली नाही. तोवर गाडीचं नक्की झालं होतं. डॉक्टरकडे गेलो आणि त्याने काही खोट काढली, गाडी चालवू नका म्हणाला, तर गाडी आली तशी परत जाईल, हे ह्यांच्या मनात. एक थंडी निघू दे, मग दाखवू. जीभ काय, परत येईल. मला सांगितलं असतं तर मी हात धरून दवाखान्यात नेलं असतं, म्हणून मला सांगितलं नाही. ह्यांनी एवढंच बरोबर ओळखलं होतं.

मी तेव्हा ह्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आज मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, पण मी भांडते. भाजी फोडणीला टाकताना, दार लावताना, कधीही. कशासाठी लपवलंत? पत्र्याची गाडी ती. कुणी बघत होतं का तुम्हाला, कुणाला दाखवायचं होतं?

लेक धावत आली आणि तिने सगळं हातात घेतलं. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर आपल्या देशातलाच होता, माझ्याशी हिंदीत बोलला. मेंदूत जिथं चव कळते, त्याच जागेवर गाठ वाढली होती. पुढचं तो लेकीशी इंग्रजीत बोलत राहिला आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले. बाहेर बाकावर आल्यावर तिने माझा हात धरला. "आई," ती म्हणाली, "इट्स नॉट स्मॉल." ते कळायला मला मराठीची गरज लागली नाही.

ऑपरेशन झालं, पण सगळी गाठ निघाली नाही. औषधं सुरू झाली. गाडी चालवायला मनाई झाली, झटका कधीही येऊ शकतो म्हणून. ह्यांनी ते ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो, मग गाडी धुवायची कुणी? डॉक्टरला वाटलं औषधाने बरळतायत. मी म्हटलं, मी धुईन. डॉक्टरने जाताना मला एक गोष्ट सांगितली, तिच्यावर मी पुढचे सगळे दिवस काढले. तो म्हणाला, औषध लागू पडलं तर कदाचित चव थोडी परत येईल. त्याने कदाचित हा शब्द दोनदा वापरला होता. मी तो दोन्ही वेळा सोडून दिला.

मग माझं तेच सुरू झालं. प्रत्येक घासाला ह्यांच्या तोंडाकडे बघायचं. मीठ कसं आहे? हे म्हणायचे, तू सांग. मुद्दाम एखाद्या दिवशी आमटी अळणी करायची, एखाद्या दिवशी खारट. हे सगळं तितक्याच शांतपणे जेवायचे. देवाला मी दुसरं काही मागितलं नाही हो. बरं कर असंही नाही. ह्यांनी एकदा ताट सरकवून माझ्यावर ओरडावं, ह्यात मीठ कुठंय, एवढंच मागितलं. ते झालं की बाकीचं मागाहून होईल, हे चालतील, गाडीवर बसतील, बोगद्यातून जातील, असं मी मनाशी जुळवून ठेवलं होतं. हेही मला म्हणायचे, जीभ आली की पहिली फेरी मीच मारणार, तोवर हिला गंजाला खाऊ देऊ नको.

म्हणजे आता गाडीला गोडं पाणी पाहिजे होतं. मजऱ्यात एक टाकी ठेवली आणि ती टँकर मागवून भरायला लागलो. गाडी उभी असली म्हणून काय झालं, दव तर पडतंच. ह्यांना खुर्चीवर बसवायचं, अंगावर शाल घालायची, आणि हे तिथून हुकूम सोडणार. काडी घाल भोकात. तांब दिसली ना, आधी पॉलिशपेपरने घास, पार पांढरं लोखंड दिसेपर्यंत, मग प्रायमर, मग रंग. ओल्यावर रंग मारू नको. मी साडी खोचून गाडीखाली शिरायची. करड्या डागांनी गाडी कोड फुटल्यासारखी दिसायला लागली, पण गंज थांबला. खरंच थांबला. गोड्या पाण्यापुढे तो पुढे सरकला नाही. हे खुर्चीतून म्हणायचे, बघ, मी सांगत होतो की नाही. आणि मी म्हणायची, हो, तुम्हीच सांगत होतात.

ती गाडी नंतर डोंगरापलीकडच्या एकाने घेतली, समुद्रापासून लांब राहणाऱ्या. पण विकायच्या आधीचं मला सांगायचं आहे, हे असतानाचं, दुसऱ्या थंडीतलं.

तोवर ह्यांचं बोलणं कमी झालं होतं, उजवा हात जड झाला होता. गाडी धुवायच्या दिवशी मात्र सकाळपासून तयार होऊन बसायचे. त्या सकाळी टँकर नुकताच टाकी भरून गेला होता. मी गाडीला साबण लावला, चारी बाजूंनी फेस केला आणि नळी सोडली. ह्यांनी डाव्या हाताने खूण केली, इकडे आण. मी नळी जवळ नेली. ह्यांनी तळहात पुढे केला, पाणी घेतलं, तोंडाला लावलं. बऱ्याच दिवसांत असं केलं नव्हतं. मी समोर उभी. ऊन नेमकं माझ्या डोळ्यांवर येत होतं.

"मचूळ आहे हे," हे म्हणाले. मोठ्याने, स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात. "बंद कर. गाडीची वाट लावशील."

मला वाटलं, आली. चव आली. डॉक्टरला फोन करते, लेकीला फोन करते, काय करू आणि काय नको. मी नळीलाच तोंड लावलं आणि घटाघटा प्यायले.

गोडं होतं. वैशाखातल्या पहिल्या मचूळ कळशीच्या आधी जसं असतं तसं, अगदी गोडं.

मी मान वर केली. हे माझ्याकडेच बघत होते. उन्हाने माझं तोंड वाकडं झालं होतं, डोळे बारीक झाले होते, नाक आक्रसलं होतं. पाणी ह्यांच्या जिभेवर पडलं होतं खरं, पण ह्यांनी चाखला होता तो माझा चेहरा. एवढे महिने जेवताना मी ह्यांचं तोंड बघत होते, तेव्हा हेही माझंच बघत होते. गेल्या वेळी गोडं म्हटलं ते चुकलं होतं, म्हणून या वेळी मचूळ म्हणाले. आणि आता बरोबर आलं की नाही, याची वाट बघत होते. ओठांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं.

"बरोबर ना?" ह्यांनी विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं. "मचूळच आहे."

हे हसले. किती दिवसांनी हसले. मग टँकरवाल्याला शिव्या घालायला लागले, सगळे चोर आहेत, माणूस आजारी पडला की फसवतात, आणि मी हो हो म्हणत ह्यांचं तोंड पदराने पुसलं. घरी गेल्यावर हे दोन घास जास्त जेवले. लेकीला फोन लावून स्वतः सांगितलं की मला पाण्याचं कळलं. ती तिकडे रडायला लागली, थँक गॉड, थँक गॉड म्हणत. मी तिलाही काही सांगितलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा, तिथं, मी आधी नळ बंद केला. गाडीच्या अंगावर साबण तसाच वाळत होता. टाकी गोड्या पाण्याने काठोकाठ भरलेली होती. मी नळी गुंडाळून ठेवली, आणि त्या थंडीत गाडी परत धुतली नाही.